बसून पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही

शालिकभाऊ मेश्राम लॅपटॉप विकत घेण्याआधी त्यावर बसून पाहत.

गंमत म्हणून सांगत नाही, खरंच बसत. दुकानात शिरायचं, तिथला सगळ्यात दणकट लॅपटॉप मागायचा, तो मिटायचा, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर आडवा ठेवायचा आणि सेल्समनला सभ्यपणे विचारायचं, "बसू का?" त्या बिचाऱ्याला वाटे, साहेब उन्हातून आलेत, थकलेत. तो म्हणे, "बसा ना सर, पाणी आणू?" पाणी येईपर्यंत साहेब बसलेले असत. मग सेल्समन ओरडे, मालक गल्ल्यावरून उठून येई आणि शालिकभाऊ जागचे न हलता बोट वर करून म्हणत, "हल्लागुल्ला नका करू. आवाज ऐकून राह्यलो."

आवाज म्हणजे बिजागरीचा. माणसाचं वजन पडल्यावर बिजागरी जे बोलते त्यात त्या मशीनचं सगळं भविष्य असतं, असं त्यांचं मत होतं. त्यांचं स्वतःचं वजन काही फार नाही, पण हाडं टोकदार आहेत. चंद्रपुरातल्या दोन दुकानदारांनी आम्हाला पुन्हा पाहिल्यावर दारातच हात जोडले. तिसऱ्याने यापुढे भाव फक्त फोनवर सांगायचं ठरवलं.

'आम्हाला' म्हणते आहे, कारण या प्रत्येक वारीत मी त्यांच्या बरोबर होते. मी वंदना, मूळची मूल गावची, आणि गेली कित्येक वर्षं शालिकभाऊंच्या शेजारच्या टेबलावर बसते. आमचं ऑफिस खाजगी आहे, मालक उराडे साहेब. काम असं की कुठे पूल बांधायचा असला की आम्ही जायचं, ड्रोन उडवून जमिनीचे फोटो काढायचे, त्यांचा चढउतारासकट नकाशा तयार करायचा आणि मग कॉम्प्युटरमध्ये त्या नकाशावर पाणी सोडून पाहायचं. पूर कुठवर येतो, किती वेळ राहतो, पूल किती उंच पाहिजे, ते त्यावरून सांगायचं. सांगितल्याप्रमाणे पूल बांधतात की नाही, हा प्रश्न आम्हाला विचारू नये.

या कामाला जीव असलेलं मशीन लागतं. साधा लॅपटॉप आमचा नकाशा उघडायला घेतो, आधी तापतो, मग घरघरतो आणि साप चावल्यासारखा निळा पडून बंद होतो. ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर जीपमध्ये घालून भामरागडला नेता येत नाही. म्हणून पाहिजे होता मोठ्या कॉम्प्युटरच्या ताकदीचा, पण हातात धरून नेता येईल असा लॅपटॉप. वर्कस्टेशन म्हणतात त्याला. तो निवडायचं काम साहेबांनी शालिकभाऊंवर सोपवलं. सोपवलं तेव्हा माझे सगळे केस काळे होते.

शालिकभाऊंच्या शर्टाच्या खिशात एक पुडी असे. नव्या माणसाला वाटे तंबाखू. ती असे बल्लारपूर रोडवरची काळी धूळ. शोरूममध्ये चकचकीत कीबोर्ड समोर आला की ते पुडी सोडत, चिमूटभर धूळ त्यावर भुरभुरवत आणि म्हणत, "आता चालवा." एका शोरूमचा मॅनेजर एसीच्या गार हवेत मशीनचा वेग दाखवत होता, तर हे म्हणाले, "तुमच्या एसीत तं मीही फास्ट चालतो."

एकदा एका कंपनीचा माणूस नागपूरहून नमुना घेऊन आमच्या ऑफिसात आला, मे महिन्यात, टाय बांधून. चंद्रपूरच्या मे महिन्यात टाय बांधणाऱ्या माणसाच्या अकलेबद्दल मला तिथेच शंका आली. शालिकभाऊंनी त्याचं सगळं भाषण शांतपणे ऐकून घेतलं, मशीन उचललं आणि बाहेर उन्हात उभ्या जीपच्या बॉनेटवर नेऊन ठेवलं. त्या बॉनेटवर भाकर भाजता आली असती. मशीन थोडा वेळ चाललं, मग पंख्याने असा आवाज काढला की समोरच्या पानठेल्यावरची माणसं उठून पाहायला आली, मग सगळं शांत.

"सर, ये धूप में रखने के लिए नहीं है," तो टाय सैल करत म्हणाला.

"मंग आमी कुठी ठेवा?" शालिकभाऊ म्हणाले. "आमचं ऑफिसच धूप हाय."

त्यांच्या तक्रारींना अंत नव्हता. एकाचा पडदा फार चकचकीत: "यात मलेच मी दिसून राह्यलो. मले पाहून काय करू?" एकाच्या कीबोर्डखाली लाल-निळे दिवे: "हे लॅपटॉप होय का डीजे?" एक फार बारीक, त्याला ते पापड म्हणत. एकाची बॅटरी आतच चिकटवलेली, म्हणजे जंगलात संपली की बदलता येणार नाही. एकाचं सगळं बरोबर होतं. खरंच बरोबर होतं, मी स्वतः तपासलं होतं, धूळ सोसली होती, ऊन सोसलं होतं, वजन सोसलं होतं. मी पैसे भरायला उठले, तर हे म्हणाले, "थोडं थांबू, मॅडम. नवीन येऊन राह्यलं."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. दर काही महिन्यांनी कुठेतरी काहीतरी नवीन येतच असतं, त्यामुळे हे वाक्य कधी खोटं ठरत नाही. नवीन चिप येऊन राह्यली, थोडं थांबू. नवीन मेमरी येऊन राह्यली, थोडं थांबू. मला त्या 'थोडं थांबू'चा इतका राग येई, की त्यांनी तोंड उघडताच माझं कपाळ दुखायला लागे. "नाचता येईना अंगण वाकडं," मी एकदा तोंडावर म्हटलं. ते हसले आणि पुडी खिशात ठेवली.

बाकी लोकांनाही त्यांचा सल्ला घ्यायची हौस. त्यांच्या घरासमोर राहणाऱ्या एका गृहस्थांना कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. त्यांनी शालिकभाऊंना विचारलं. पुढचा सगळा रविवार शालिकभाऊ त्यांना गरम हवा कुठून शिरते आणि कुठून निघते हे समजावत होते. शेवटी त्या गृहस्थांनी फ्रिज घेतला.

आणि इकडे आम्ही काम कसं करायचो? नकाशाचे तुकडे करून. नदीचा एक तुकडा माझ्या कॉम्प्युटरवर, दुसरा साहेबांच्या, आणि नाल्यांचे छोटे तुकडे शालिकभाऊंच्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर. तुकड्यांनी काम केलं की वेळ दुप्पट लागतो आणि पाणी जिथे एका तुकड्यातून दुसऱ्यात जातं तिथेच नेमकी चूक होते. एक मोठं काम त्यापायी हातचं गेलं. साहेबांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. शालिकभाऊंनी उघडला, जेवले, आणि डबा धुऊन ठेवला. मला वाटलं, या माणसाला काही वाटत कसं नाही!

त्यांचा तो जुना लॅपटॉप म्हणजे एक प्रकरण होतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बशीएवढा काळा डाग. तिथे काय आहे ते पाहायचं असेल तर खिडकी ओढून डावीकडे आणायची. बिजागरी सैल, म्हणून सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधलेला. रोज सकाळी आल्याबरोबर ते तो पांढऱ्या सुती साडीच्या तुकड्याने पुसत, आधी पडदा, मग डाग वेगळा पुसत, जसा काही तो पुसल्याने जाणार होता. मी एकदा चिडून विचारलं, "भाऊ, हा घेतला तेव्हा बसून पाह्यलं नव्हतं का?"

"याच्यावर बसूनच पाह्यलेलं हाय," ते म्हणाले आणि पुसतच राहिले. मला वाटलं उलट बोलले. मी माझ्या कामाला लागले.

मग भामरागडचं काम आलं. भामरागडच्या रस्त्यावर एक नाला आहे. त्यावर आहे रपटा, म्हणजे ज्याच्यावरून पावसाळ्यात पाणी जातं असा बुटका पूल. पाणी वर आलं की पलीकडची गावं तुटतात, आजारी माणसाला खाटेवर घालून, ती खाट खांद्यावर घेऊन लोक नाला ओलांडतात. हे इतक्या वर्षांपासून चाललंय की त्याची बातमीसुद्धा होत नाही. तिथे उंच पूल बांधायचा, त्याची उंची आम्ही सांगायची. साहेबांनी ही गोष्ट पेढे वाटून सांगितली. शालिकभाऊंनी पेढा हातातच धरला.

"सायेब, हे काम दुसऱ्या कोणाले द्या ना."

"दुसरं आहे कोण इथं? पुराचं गणित तुमच्याएवढं कोणाला येतं?"

"मंग मशीन नाई आपल्याकडं. हे तुकड्यानं होत नाई. थोडं थांबू, नवीन..."

उराडे साहेब तसे शांत आहेत. पण त्या दिवशी त्यांनी पेढ्याचा डबा टेबलावर आपटला. "वंदना, तू मागव. जो बरा वाटेल तो. यांना विचारू नकोस."

मी मागवला. तो आला तेव्हा दोन हातांनी उचलावा लागला, पाट्या-वरवंट्याएवढा जड. शालिकभाऊंनी तो दिवसभर तपासला. धूळ टाकली. पेलाभर पाणी कीबोर्डवर सांडलं, ते खालच्या भोकातून निघून गेलं. उन्हात ठेवला. पडद्यात तोंड दिसतं का पाहिलं, दिसलं नाही. बॅटरी काढून बघितली, निघाली. दुपारी चारला सगळं ऑफिस उभं राहून पाहत असताना ते त्यावर बसले. बिजागरी हूं की चूं करेना. ते जरा हलून बसले, पाय वर उचलले. काही नाही.

मशीन पास झाल्यावर माणसाचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

हिवाळ्यात आम्ही गेलो. आलापल्लीच्या पुढे सागाचं जंगल लागलं की शालिकभाऊ एरवी बडबड करत, या वेळी नुसते रस्त्याकडे पाहत बसले. दोन्ही लॅपटॉप त्यांच्या मांडीवर, वर जुना आणि खाली नवा. नाल्याला गुडघाभरही पाणी नव्हतं. आमची जीप रपट्यावरून अशी गेली की नाला कधी आला ते कळलंसुद्धा नाही. पलीकडे गाव. दोन दिवस ड्रोन उडवला. नुसता नाल्यावर नाही, खाली नदीपर्यंत आणि नद्या जिथे मिळतात तिथवर. तिसऱ्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मशीन मांडलं आणि जीपमधून वीज घेतली.

आता आमच्या कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मशीनमधलं पाणी खरं की खोटं हे असं ठरवतात: गावाला नीट आठवतो असा एखादा पूर घ्यायचा. त्या दिवसांचा पाऊस मशीनमध्ये भरायचा. आणि लोकांना विचारायचं, पाणी कुठवर आलं होतं? ते दाखवतील तिथे, झाडावर, भिंतीवर, चुन्याने खूण करायची. मशीनमधलं पाणी त्या खुणांना जाऊन लागलं तर मशीन खरं बोलतं. मग त्याने सांगितलेली बाकीची प्रत्येक गोष्ट मानायची, आवडो न आवडो. हा नियम मला शालिकभाऊंनीच शिकवला होता.

गावातले पेकाभाऊ म्हणून एक जण पुढे आले, चाळिशीचे, माडिया आदिवासी. मी विचारलं, कोणता पूर नीट आठवतो?

"नर्सबाईचा पूर," ते लगेच म्हणाले. मग माझ्या मागे बघत हसले. "जोहार, इंजिनियर भाऊ. वळखलं नाई का?"

"वळखलं," शालिकभाऊ म्हणाले. त्यांनी चुन्याचा डबा उचलला आणि सरळ नाल्याकडे चालू लागले.

पेकाभाऊंनी मला आंब्याच्या झाडावर, शाळेच्या भिंतीवर, एका घराच्या मेढीवर, म्हणजे छपराच्या खांबावर, पाणी कुठे टेकलं होतं ते दाखवलं. दाखवता दाखवता सांगत होते. इथल्या उपकेंद्रात एक नर्स होती, सुनंदाबाई. सगळ्या गावांना तापाच्या गोळ्या तीच देई. एका पावसाळ्यात तिलाच ताप आला आणि डोक्यात गेला. गावच्या पोरांनी तिला खाटेवर घातलं आणि खाट खांद्यावर घेऊन नाल्यापर्यंत आणली. नाल्याच्या त्या काठावर तिचा भाऊ जीप घेऊन आला होता. भाऊ इंजिनियर, तिकडे अहेरीला कामावर होता.

"दर पावसाळ्यात नेतोच ना आमी खाट," पेकाभाऊ म्हणाले. "पानी रपट्यावर होतं, लाल. आमी पाय टाकणारच होतो. भाऊनं तिकडून हात केला. थांबा म्हणे, थोडं थांबू, उतरून राह्यलं पानी. इंजिनियर होय, आमी थांबलो. अन् मंग पानी चढलं बाई. चढतच गेलं. दुसऱ्या दिवशीबी नाई उतरलं." त्यांनी मेढीवरच्या खुणेवर हात ठेवला. "भाऊनं थांबा म्हटलं नसतं तं आमी सारे मधात असतो. त्याच्यानं वाचलो."

"आणि नर्सबाई?"

"त्या खाटीवरच गेल्या. इकडंच."

त्या चुन्याच्या खुणेसमोर मी उभी राहिले आणि मला ते 'थोडं थांबू' ऐकू आलं, दुकानातलं, ऑफिसातलं, साहेबांसमोरचं. मला त्या शब्दांचा राग येत असे. आता मला रडू आलं आणि पेकाभाऊंना वाटलं, बाईंना ऊन लागलं.

मशीन दुपारपर्यंत चालणार होतं. पंखा जोरात फिरत होता. शालिकभाऊ आणि मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. त्यांनी मांडीवरच्या जुन्या लॅपटॉपवर हात ठेवला आणि मी काही विचारलं नसताना तेच बोलायला लागले.

"हे ताईनं घेऊन देल्लं होतं, मॅडम. पह्यला पगार माहा नाई, तिचा गेला याच्यात. एकदा बसमधी मी सीटवर ठेवलं अन् ते न पाहता बसली. हा डाग तिचाच होय. लई हासली. म्हणे, शाल्या, माह्या वजनाले टिकलं ना, आता कशालेही टिकंल." त्यांनी ट्यूबचा पट्टा सारखा केला. "आईबाप लवकर गेले आमचे. मले शिकवण्यापायी तिनं लग्न नाई केलं."

मी म्हटलं, "तुमी बरोबरच सांगतलं होतं ना भाऊ. पाणी चढलं."

"मी म्हटलं होतं उतरंल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी नाल्याचं गणित केलं. वरचा पाऊस थांबला होता, नाला उतरतच होता. ह्या जुन्या मशीनवर कितीदा चालवून पाह्यलं, दरवेळेस नाला उतरते. मी नाल्यापुरता बरोबर होतो. पाणी खालून आलं. खाली नदी भरली अन् उलटी वर घुसली. ते माह्या ध्यानातच नाई आलं. अन् ते पाहाचं असंल तं संगमासकट सारं घ्या लागते, ते या मशीनमधी मावत नाई."

"मग इतके दिवस घेतलं काऊन नाई मोठं मशीन?" मी जवळजवळ ओरडलेच. "सगळे दुकानं पालथे घातले आपण!"

"घेतलं असतं तं पाहा लागलं असतं ना," शालिकभाऊ म्हणाले.

मशीन थांबलं. आम्ही आधी खुणा तपासल्या. आंब्याची लागली. शाळेच्या भिंतीची लागली. मेढीची लागली, बोटभराचाही फरक नाही. इतकं अचूक मॉडेल माझ्या हातून कधी झालं नव्हतं आणि मी मनात म्हणत होते, एखादी तरी चुकू दे. मग त्यांनी पडद्यावरचं घड्याळ मागे नेलं, खाट काठाशी आली त्या दुपारवर आणून ठेवलं आणि रपट्यावर बोट टेकवलं.

रपट्यावर घोटाभर पाणी होतं. लाल असेल, रुंद असेल, काठावरून भीती वाटावी असं असेल, पण खालच्या नदीने अडवल्यामुळे ते जवळजवळ उभं होतं. त्याला ओढ नव्हती. शालिकभाऊंनी घड्याळ हळूहळू पुढे सरकवलं. पाणी तसंच. अजून पुढे. तसंच. खाट खांद्यावर घेऊन माणसं रमतगमत आली असती, तिला जीपमध्ये घातलं असतं, तोंडावर पाणी मारलं असतं, तरी पाणी तसंच. त्यानंतर कितीतरी वेळाने ते चढायला लागलं.

"निघाली असती," ते म्हणाले.

"भाऊ, हे मॉडेल आहे. यात थोडाफार इकडेतिकडे..."

"खुणा लागल्या ना मॅडम. साऱ्या लागल्या."

त्यांनीच शिकवलेला नियम होता.

तेवढ्यात पेकाभाऊ कोरा चहा घेऊन आले. पडद्याकडे वाकून पाहू लागले. निळं पाणी, हिरवी जमीन, त्यांना त्यातलं काय कळणार होतं ते कळत असेल, पण गाव ओळखून ते खूश झाले. "काय म्हणते मशीन?"

"पूल लई उंच पायजे म्हणते," शालिकभाऊ म्हणाले.

"ते तं आमीबी म्हणतो. त्या दिवशीचं काय म्हणते? गेलो असतो तं वाहूनच गेलो असतो ना आमी?"

मी शालिकभाऊंकडे पाहिलं. हा तो माणूस होता, ज्याने लॅपटॉपच्या बिजागरीबद्दल कधी कुणाचं मन राखलं नाही. ज्याला एका सेल्समनने हात जोडून म्हटलं होतं, सर, एकदा तरी चांगलं आहे म्हणा, आणि जो म्हणाला नव्हता.

त्यांनी मशीन मिटलं. "हो पेकाभाऊ," ते म्हणाले. "एकही नसता वाचला."

"पाह्य! मी पोराइले हेच सांगतो. भाऊनं वाचवलं." पेकाभाऊ उठले आणि घरात अंडी उकडायला सांगायला गेले. पाहुणा तसाच जाऊ नये म्हणून.

खरं सांगितलं असतं, तर उद्यापासून ती खाट पेकाभाऊंच्याही खांद्यावर आली असती. ती शालिकभाऊंनी एकट्याने घ्यायचं ठरवलं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्या क्षणी या जगाची चीडही आली, की इतक्या चांगल्या मशीनमधून हेच निघायचं होतं. अंडी आली. शालिकभाऊंनी ती मीठ लावून खाल्ली आणि चांगली झालीत म्हणून सांगितलं.

पुलाचा अहवाल वर गेला. वर गेलेल्या गोष्टी खाली उतरायला आमच्याकडे पुरापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे रपटा अजून तिथेच आहे. पण ऑफिसची कामं वाढली आणि साहेब म्हणाले, वंदनालाही तसंच एक मशीन घेऊ, शालिकभाऊंना घेऊन जा.

आम्ही त्यांतल्याच एका हात जोडणाऱ्या दुकानात गेलो. सेल्समनने आम्हाला ओळखलं आणि आधी खुर्च्या आत नेल्या. मला हसू आलं. शालिकभाऊंनी काउंटरवरच्या पहिल्याच लॅपटॉपवर बोट ठेवलं. "हे घ्या मॅडम."

"उघडून तरी पाहा!"

"चांगलं हाय."

"धूळ?"

त्यांनी खिसा चाचपला नाही. मी पाहिलं, खिशात पुडीच नव्हती. सेल्समनलाही कसंतरी झालं असावं. ज्या माणसाच्या नावाने त्यांच्या दुकानात गोष्टी सांगत, तो असा निमूट उभा. तो आत गेला आणि स्वतःच एक खुर्ची घेऊन आला. "सर, बसून पाहा ना. आज काही म्हणत नाही."

"राहू दे बाप्पा," शालिकभाऊ म्हणाले. "मशीन टिकते." आणि बाहेर जाऊन जीपमध्ये बसले.

सेल्समन माझ्याकडे पाहत होता. मी लॅपटॉप मिटला, खुर्चीवर आडवा ठेवला आणि त्यावर बसले. आवाज मला कशाचा ऐकायचा होता कोण जाणे. काचेतून जीप दिसत होती. मी बराच वेळ तशीच बसून राहिले, पण शालिकभाऊंनी एकदाही मान वळवून पाहिलं नाही.